पमी मला आई म्हणायची

पमी कोंबडीच्या अंड्यांवर बसली ती गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. लग्नकार्याला चार माणसं जमली, जेवणं झाली, की कुणीतरी विषय काढतं आणि माझा मोठा भाऊ, दादा, ती हातवारे करून रंगवून सांगतो. पमी ही त्याची मुलगी. तेव्हा ती दीड वर्षाची होती. आयेनं, म्हणजे आमच्या आईनं, खुडूक कोंबडी टोपलीत अंड्यांवर बसवली होती. कोंबडी दाणे टिपायला अंगणात गेली तेवढ्यात पमीबाई टोपलीत शिरल्या आणि कोंबडी बसते तशाच मान आखडून बसल्या. अंडी फुटली, बलक मांड्यांवरून ओघळला. कोंबडी ओरडत परत आली तेव्हा पमीनं तिच्याकडं बोट दाखवून गंभीरपणे सांगितलं, "कोंबीनं शी केली." इथपर्यंत दादा आला की माणसं पोट धरून हसतात. पमी आता तिशी ओलांडलेली बाई आहे, ती पण लाजून हसते.

दादा त्या दिवशी घरी नव्हता. तो कल्याणला कारखान्यात होता. वहिनी दूर वसतिगृहात होती, बाबा आणि आये शेतावर. टोपलीपाशी मी होते. पमीला न्हाणीत नेऊन धुतलं मी, टोपली धुतली मी, आणि संध्याकाळी अकरा अंड्यांसाठी आयेची बोलणी खाल्ली तीही मीच. "कोंबीनं शी केली" हे दादाला मीच सांगितलं होतं, तो डबा खुंटीला लावत होता तेव्हा. पण दादा ती गोष्ट सांगतो तेव्हा तिच्यात मी नसते. तिच्यात पमी असते, कोंबडी असते आणि आये असते. मी हे कधी बोलून दाखवलं नाही. आता पन्नाशी उलटली, म्हणून लिहून ठेवते.

आमचं घर आसनगाव स्टेशनापासून तासाभराच्या चालीवर होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढं पडवी, मागं न्हाणी आणि तिच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ. दिवसभर घरात आवाज नसे असं कधी झालं नाही. सकाळी आयेच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज, मग शेळीचं ओरडणं, दुपारी गिरणीची एकसुरी फटफट, आणि मधूनमधून कसाऱ्याच्या घाटाकडं चढणाऱ्या मालगाडीचा दमलेला भोंगा. पमीला तो भोंगा फार आवडायचा. तो वाजला की हातातलं टाकून ती पडवीत धावायची आणि तोंडाचा चंबू करून "भोंओंओं" करायची. गाडी दिसायची नाही, पण गाडी आपल्याला ऐकते अशी तिची खात्री होती.

वहिनी आमच्या घरात आली ती बारावी पास होऊन. आमच्या आजूबाजूच्या चार गावांत बारावी झालेली सून नव्हती. दादाला त्याचा अभिमान होता आणि तो चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. लग्नानंतर पमी झाली, आणि पमी अकरा महिन्यांची असताना वहिनीला डी.एड.ला प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा कोर्स, कॉलेज लांब, राहणं वसतिगृहात. पत्र आलं त्या संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. वालाचं बिरडं होतं, मला पक्कं आठवतं, कारण मी वाल सोलता सोलता नववीच्या निकालाबद्दल विचार करत होते. मी वर्गात दुसरी आले होते. आठ दिवसांनी दहावीचे वर्ग सुरू व्हायचे होते.

"पोरीचं काय करायचं?" बाबांनी विचारलं.

दादा भात कालवत होता. मान वर न करता म्हणाला, "मंदी हाय की घरात. वर्षाचा तर प्रश्न हाय."

"दोन वर्षांचा," वहिनी हळूच म्हणाली.

"दोन वर्षं म्हंजे काय गो? बघता बघता जातात. हिला नोकरी लागली की मंदीला मी सोता दहावीला बसवीन. बाहेरून बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म असतो. माझ्यासंगं कामाला हाय त्याच्या बहिणीनं भरला."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "तुला काय वाटतं गो मंदे?"

त्या घरात मला कधी कुणी काय वाटतं ते विचारलं असेल तर ते तेवढंच. माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत आये म्हणाली, "तिला काय वाटायचंय? घरचीच पोर हाय." आणि तिनं बाबांच्या ताटात भात वाढला. वहिनी माझ्याकडं बघत होती, पण मी बघितलं तेव्हा तिनं नजर खाली घेतली. तिला हो हवं होतं आणि ते मागायची तिला लाज वाटत होती. ती वाईट नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण या गोष्टीत कुणी एक वाईट असतं तर मला बरं पडलं असतं.

अशी मी पंधराव्या वर्षी पमीला सांभाळायला लागले. सुरुवातीला मी दहावीची पुस्तकं मागून आणली होती. पमी झोपली की वाचायचं असं ठरवलं. पण मी पुस्तक उघडलं की पमीचे डोळे उघडत. मग मी तिला झोळीत घालून, झोका देत देत मोठ्यानं वाचायला लागले. अंगाईगीतं मला येत नव्हती, भूमिती येत होती. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज एकशे ऐंशी अंश असते, हे मी चाल लावून म्हणत असे आणि ती पोर अंगठा तोंडात घालून झोपत असे. शेजारच्या कमळकाकी एकदा दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "कसली आरती गो ही?" पुढं पमी बोलायला लागली तेव्हा झोप आली की डोळे चोळत "तिकोन, तिकोन" म्हणायची. आम्ही सगळे हसायचो. त्यातला त्रिकोण फक्त मला कळायचा. पावसाळ्यात भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, माणसं कमी पडली, मी पमीला बांधावर छत्रीखाली बसवून चिखलात उतरले, आणि ती पुस्तकं माळ्यावर गेली. दिवाळीनंतर काढायला गेले तर उंदरांनी कडा कुरतडल्या होत्या. मी ती परत केली. ज्या मैत्रिणीची होती ती नुसतं कुरतडलेल्या जागेवर बोट फिरवत राहिली.

तसं बघितलं तर दिवस मजेत जायचे. हे कबूल केलं पाहिजे. पमीला मी पेज भरवायचे, नाचणीची आंबील, मऊ भात. तिला मात्र सुका बोंबील हवा असायचा. चुलीवर बोंबील भाजायला टाकला की ती कुठूनही यायची आणि हात पसरून उभी राहायची. बाबा कुणालाही "या, बसा, च्या घ्या" म्हणत, ते तिनं उचललं आणि ती शेळीला, कुत्र्याला, पडवीत शिरलेल्या बेडकाला वाकून "या, बशा, च्या घ्या" म्हणायची. आयेच्या तोंडात शिव्या असायच्या, त्याही तिनं उचलल्या. गावातले एक वयस्कर गुरुजी बाबांना भेटायला आले, त्यांनी लाडानं गाल ओढला, तेव्हा पमी स्वच्छ आवाजात म्हणाली, "मुडद्या, हात सोड." गुरुजी हसले, पण बाबा दोन दिवस आयेशी बोलले नाहीत.

दादाचा रेल्वेचा पास तर तिनं वालात भिजत घातला. सकाळी दादा अंगणात पाय आपटत होता, "पास कुठं? माझी गाडी जाईल," आणि सगळं घर उलथंपालथं झालं. पमी त्याच्या मागं मागं त्याच्याच चालीत फिरत होती आणि "पास कुठं, पास कुठं" विचारत होती. दादा गेला तो मला बोलून गेला, की एक पोर सांभाळता येत नाय. दुपारी बिरड्याचे वाल सोलायला घेतले तर पातेल्याच्या तळाशी दादाचा फोटो माझ्याकडं बघत होता. मी एकटीच होते. पमीला कडेवर घेऊन मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी दादाला पास दिला तेव्हा तोही हसला. सकाळच्या बोलण्याचं मात्र कुणी काही काढलं नाही.

वहिनी महिन्यातून एकदा यायची. पहिले दोन-तीन महिने पमी तिच्याकडं जायची. मग एकदा मध्ये दीड महिना गेला, वहिनी आली, आणि पमी माझ्या पायांना विळखा घालून मागं लपली. "बाय आली," म्हणाली. वहिनीनं पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. पमी पुढं गेली, पुडा घेतला, दोन पावलं मागं आली आणि हात हलवून म्हणाली, "जा आता." सगळे हसले. आये हसली, दादा हसला, वहिनी तर सगळ्यांत मोठ्यानं हसली. मग हात धुवायचं निमित्त करून ती न्हाणीकडं गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मी तांब्या द्यायला मागं गेले. ती केळीपाशी उभी होती. "मंदाताई," ती म्हणाली, "ती झोपल्यावर माझ्याजवळ ठेवाल?" मी हो म्हटलं. पमी झोपल्यावर मी तिला वहिनीच्या कुशीत ठेवलं. पहाटे बघते तर पोर रांगत माझ्या वाकळेत आली होती.

आई हा शब्द तिला मी शिकवला नाही. हे मी देवाशपथ सांगते, आणि हे मला तेव्हाही वारंवार सांगावं लागलं. कमळकाकींची धाकटी शाळेतून आली की उंबऱ्यातूनच ओरडायची, "आई, भूक लागली." पमी हे रोज ऐकत होती. एक दिवस मी चुलीपुढं होते, ती आली, माझ्या पाठीवर रेलली आणि म्हणाली, "आई, भू." तिच्या हिशेबानं ज्या बाईपाशी भूक सांगायची ती आई. मी दचकले. "मी आत्या हाय गो," म्हटलं. ती म्हणाली, "आई, भू." मी तिला भात दिला.

घरात ही गंमत झाली. संध्याकाळी बाबा तिला मांडीवर घेऊन विचारत, "आई कुठं हाय गो पमे?" आणि ती माझ्याकडं बोट दाखवी. पाहुणे आले की तोच खेळ. आये म्हणायची, "बघा, पंधराव्या वर्षी पोर झाली आमच्या मंदीला," आणि सगळे हसायचे. मी लटकं रागवायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. माझी शाळा गेली होती, मैत्रिणी दहावी होऊन पुढं गेल्या होत्या, त्यांतली एक शहापूरला कॉलेजात जायला लागली होती आणि रस्त्यात भेटली की माझ्याशी काय बोलावं ते तिला सुचत नसे. माझ्याकडं एक ते बोट होतं, माझ्याकडं दाखवलेलं. वहिनी यायची तेवढ्यापुरता हा खेळ बंद असे. एवढं सगळ्यांना कळत होतं.

मला बघायला वैशाख्याहून पाहुणे आले ते कैऱ्यांच्या दिवसांत. म्हणजे गाव वैशाखरे, माळशेजच्या रस्त्यावरचं. आम्ही बोलताना वैशाखं म्हणतो. मी सतरा पुरी केली होती. स्थळ आयेच्या भावानं, मधुमामानं आणलं होतं. मुलगा मुरबाडला कारखान्यात कायम होता, घरी भातशेती. बरोबर त्याचे वडील आणि एक मावशी. आयेनं पमीला सकाळीच कमळकाकींकडं नेऊन ठेवलं होतं. मला वहिनीची निळी साडी नेसवली, तोंडाला पावडर लावली. पडवीत सतरंजीवर मी मान खाली घालून बसले. मुलानं काही विचारलं नाही. मावशीनं विचारलं, शिक्षण किती. मी म्हटलं, नववी. "मग पुढं का नाय?" तिनं विचारलं. आये म्हणाली, "घरात काम असतं." एवढं बोलून तिला वाटलं उत्तर झालं.

आणि पमी आली. कमळकाकींच्या हातून ती कशी निसटली ते त्यांनाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. अंगावर कपडा नाही, कमरेला काळा करगोटा, पोटावर आंब्याचा चीक आणि हातात मुलाच्या वडिलांची एक चप्पल. ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि वाकून म्हणाली, "या, बशा." पाहुणे हसले. मुलगाही हसला, मी पहिल्यांदाच त्याच्याकडं बघितलं आणि तो हसताना बरा दिसतो असं मला वाटून गेलं. मग पमीनं मला बघितलं. साडीतली, पावडर लावलेली बाई कोण ते तिला कळेना. ती जवळ आली, खाली वाकली आणि माझ्या झुकलेल्या तोंडाखाली स्वतःचं तोंड आणून खालून वर बघितलं. आणि तिचा चेहरा असा फुलला, की काय सांगू. "आई," ती म्हणाली. चप्पल टाकली, माझ्या मांडीत शिरली, पदर ओढून डोक्यावर घेतला आणि माझ्या पोटाला गाल लावून पडून राहिली. "आई, भू."

आये घाईनं हसली. "माझ्या लेकाची पोर हाय. हिचा लळा हाय तिला."

"पोरीची आई कुठं हाय?" मावशीनं विचारलं.

"शिकायला."

"लग्न झालेली बाई शिकायला? एवढी पोर टाकून?" मावशीनं कपबशी खाली ठेवली. "पोर किती वर्षांची?"

"तीन होईल आता."

"आनी ही शाळेतनं कधी निघाली?"

मधुमामा मुरबाडच्या रस्त्याबद्दल काहीतरी बोलायला लागला. मी पमीच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. हात काढावा की ठेवावा ते मला कळत नव्हतं. कसाही ठेवला तरी तो आईचाच दिसत होता. पाहुण्यांनी पोहे संपवले आणि निरोप पाठवतो म्हणून गेले. जाताना मुलाच्या वडिलांना आपली चप्पल अंगणात सापडली.

आठ दिवसांनी मधुमामा आला. पडवीत बसला, पाणी प्याला, म्हणाला, "पत्रिका जमत नाय म्हनतात."

"पत्रिका आमी दिलीच नव्हती," बाबा म्हणाले.

मामा जमिनीकडं बघत म्हणाला, "त्या मावशीनं आजूबाजूला इचारलं. पोरगी मधेच शाळेतनं काढली, घरात पोर हाय, ती तिला आई म्हनते, सून मातर घरात नाय. लोक जोडतात. आता ह्या बाजूला दुसरं स्थळ बघताना जड जाईल."

बाबा उठले आणि खुरपं घेऊन बाहेर गेले, त्या वेळी शेतात काही काम नव्हतं तरी. आये माझ्याकडं वळली. "तूच लाडावलीस. तुला ग्वाड वाटायचं." मी म्हटलं, "तुमीच सगळे इचारायचा तिला, आई कुठं, आई कुठं." तिनं माझ्या तोंडात मारली. लहानपणी मारायची, पण मोठी झाल्यावर ती पहिलीच. मला लागलं ते मारल्याचं नाही. तिचं खरं होतं. मला ग्वाड वाटायचं.

आयेनं त्याच दिवशी नियम केला. पमीनं आई म्हटलं की ओ द्यायची नाही. बघायचं नाही, हलायचं नाही. आत्या म्हटलं तरच. "आपोआप शिकंल," ती म्हणाली. पहिल्या दिवशी पमीला तो नवा खेळ वाटला. ती "आई" म्हणायची, मी बघत नसे. मग ती समोर येऊन माझी हनुवटी धरायची, तोंड आपल्याकडं वळवायची आणि खिदळायची. मी तोंड दुसरीकडं फिरवलं की तिकडं धावायची. दुसऱ्या दिवशी तिनं आवाज वाढवला. तिला वाटलं मला ऐकू येत नाही. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडायची आणि मग कानात डोकावून बघायची, आत काय अडकलंय ते. हे आठवलं की मला आजही हसू येतं, आणि हसता हसता राग येतो, कुणाचा ते सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी ती कमी बोलली.

चौथ्या दिवशी मी अंगण सारवत होते. आये पायरीवर सुपात तांदूळ पाखडत होती. पमी आंब्याखाली खेळत होती, ती एकदम किंचाळली, "आई." मी मान वर केली. तिच्या अंगठ्याला मुंगळा डसला होता आणि सुटत नव्हता. मी उठणार तोच आयेचं सूप थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं फक्त. मी बसून राहिले. शेणात हात तसाच ठेवून बसून राहिले. पमी लंगडत लंगडत माझ्यापर्यंत आली, पाय पुढं केला आणि रडत म्हणाली, "आई, मुंगू. आई." मी जमिनीकडं बघत होते. ती गप्प झाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अंगठ्याला मुंगळा लटकत होता, आणि ती विचार करत होती. अडीच-पावणेतीन वर्षांचं पोर विचार करताना मी तेव्हा पाहिलं. मग अगदी हळू, कुणा दुसऱ्याच बाईशी बोलावं तशी, ती म्हणाली, "आत्या."

मी मुंगळा काढला. शेणाच्या हातांनीच तिला उराशी धरलं.

"बघ, शिकली," आये म्हणाली आणि सूप पुन्हा सुरू झालं.

आयेला मी पुष्कळ गोष्टींसाठी माफ केलं आहे. ती माझ्याच भल्यासाठी करत होती हेही मला कळतं. पण त्या सकाळी बसून राहिले ती मी. आये नव्हे. उठायला मला कुणी धरलं नव्हतं.

वहिनी परीक्षा संपवून आली तेव्हा पमी माझ्या कडेवर होती. "आत्या, कोन?" तिनं मला विचारलं. वहिनीनं तो शब्द ऐकला आणि तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, पोर मोठी झाली, कळायला लागलं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुम्ही किती नीट वळण लावलंत." मी तिला काही सांगितलं नाही. मधुमामाचं, पाहुण्यांचं, मुंगळ्याचं, काहीच नाही. ते पुढंही कधी सांगितलं नाही.

पावसाळ्यात वहिनीला मुरबाडकडच्या एका शाळेत नोकरी लागली. गणपती झाल्यावर दादानं मुरबाडला खोली घेतली. तिथून तो एस.टी.नं कल्याणला जाणार होता. सामान न्यायला टेम्पो आला. मला वाटत होतं पमी रडेल. खरं म्हणजे मी त्याची वाट बघत होते. ती रडेल, मला सोडणार नाही, मग दोन दिवस मलाही बरोबर न्यावं लागेल, असं मी मनात ठरवून दोन कपडे घडी करून ठेवले होते. पण टेम्पोवाल्यानं तिला पुढं बसवून भोंगा वाजवू दिला. ती भोंगा वाजवत आणि हसत गेली. मागं वळून बघायला तिला उसंतच नव्हती. मला तिचा राग आला. तीन वर्षांच्या पोरीचा. घरात येऊन मी कपड्यांची घडी मोडली.

टेम्पोत चढताना दादाला मी फॉर्मची आठवण केली होती. "अगो, आता खोलीचंच किती बघायचंय," तो म्हणाला. "पुढच्या साली नक्की." दहावी मी केली ती फार नंतर, माझी स्वतःची दोन्ही मुलं शाळेत जायला लागल्यावर. फॉर्म माझा मीच आणला. गेल्या वर्षी पमीच्या मुलाच्या बारशाला गेले होते. ती बँकेत आहे, ठाण्याला राहते. पाळणा हलवता हलवता तिनं मला सहज विचारलं, "आत्या, तू एवढी हुशार, मग वेळेवर का नाही गं शिकलीस?" तिला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "कंटाळा केला."

पमी मुरबाडला गेली त्या साली दिवाळीला ते सगळे घरी आले. मी सकाळपासून चुलीपुढं होते. पमीसाठी बोंबील भाजून ठेवला होता, सणाचा दिवस म्हणून आये रागावली तरी. पमी नवा फ्रॉक घालून, केसांना रिबिनी लावून पडवीत आली. दोन महिन्यांत ती बारीक आणि उंच झाली होती. मी दारात उभी राहिले. तिनं वहिनीकडं बघितलं, वहिनीनं मान हलवली, मग तिनं माझ्यापुढं हात जोडले. "नमस्ते आत्या." सगळे कौतुकानं हसले. मी बोंबलाचा तुकडा पुढं केला. तिनं नाक मुरडलं. "पाणी पाहिजे," ती म्हणाली.

मी पेला भरून आणला. दोन्ही हातांनी धरून ती सगळं पाणी प्याली, पेला माझ्या हातात परत दिला आणि शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाली, "थँक्यू."

पडवीत हशा पिकला. बाबांनी तिला परत म्हणायला लावलं. दादा म्हणाला, "बघा, इंग्लिश." वहिनी म्हणाली, "शिकवलंय मी, कुणी काही दिलं की म्हणायचं."

त्या घरात मला तोपर्यंत कुणी तसं काही म्हटलं नव्हतं. मी पेला घेऊन आत गेले आणि चुलीपुढं बसले. बाहेर पमी पुन्हा पुन्हा थँक्यू म्हणत होती, शेळीला, खांबाला, बाबांच्या टोपीला, आणि प्रत्येक वेळी सगळे हसत होते.